न्हाणीघरातील कोनाडा

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या पाहुण्याला एक हकीकत ऐकावीच लागते. सुमारे १९७२ साली सासूबाई लग्न होऊन वऱ्हाडातून रायपुरास आल्या. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकींनी त्यांना न्हाणीच्या दारातून सांगितले, "बहू, साबुन ताक में रख देना." नवी नवरी बुचकळ्यात पडली. साबण आणि ताकात! पण परक्या गावची रीत असेल अशा समजुतीने त्या स्वयंपाकघरात जाऊन ताकाची गुंडी शोधू लागल्या. हिंदीत 'ताक' म्हणजे भिंतीतला कोनाडा, हे त्यांना मामंजींनी संध्याकाळी हसत हसत सांगितले. छत्तीसगढी बोलीत त्याच कोनाड्याला 'पठेरा' असा तिसराच शब्द आहे, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगून टाकले, कारण मामंजींना शब्द जमविण्याचा छंद होता. त्या छंदाकडे मी पुढे येणारच आहे.

रायपुरातील मराठी वस्ती जुनी. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सैन्य रतनपुरावर चालून आले, तेव्हापासून १८५४ पर्यंत या मुलुखाचा कारभार थोड्याबहुत फरकाने नागपूरच्या वळणाने चालला. आणि पुढे १९५६ पर्यंत प्रांताची राजधानीही नागपूरच होती. कारकून, शिक्षक, वकील अशी कितीतरी कुटुंबे इकडे आली ती इकडचीच झाली. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मोहल्ल्यांतील घरांच्या भिंती जाड आणि कोनाड्यांनी भरलेल्या असत. दिव्याचा कोनाडा, देवाची देवळी, न्हाणीत शिकेकाईच्या वाटीचा एक. नव्या बांधणीत भिंती पातळ झाल्या, कोनाडे बुजले, आणि साबणाची वडी खिडकीच्या कठड्यावरून बादलीच्या काठावर व तेथून जमिनीवर आली. आमच्याही घरी हेच झाले होते. १९९० च्या सुमारास न्हाणीघर नव्याने बांधून टाइल बसविल्या, त्या वेळी जुना कोनाडा कोणालाही न विचारता बुजविण्यात आला.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सासूबाई त्या न्हाणीघरात घसरल्या. डोळ्यांत साबणाचा फेस, हात खिडकीकडे पसरलेला, आणि पायाखाली ओली टाइल. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि कागद पुढे सरकवताना विचारले, "तुमच्या बाथरूममध्ये साबण कुठे ठेवता?" त्या प्रश्नाने मी ओशाळले. रोज दहा पाने मजकूर तपासणारी मी. पण घरात साबण कोठे ठेवला जातो याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते.

योगायोग असा, की त्याच महिन्यात एक इंग्रजी लेख भाषांतरासाठी माझ्या मेजावर आला होता. विषय : न्हाणीघराच्या भिंतीत टाइलचा कोनाडा कसा करावा. मला वाटले, देवच पावला. पहिला परिच्छेद झरझर उतरविला आणि दुसऱ्यात अडखळले. त्यात म्हटले होते, की भिंतीवर बोटाने ठकठक करून लाकडी खांब शोधा. दोन खांबांच्या मध्यांमधले अंतर १६ इंच असते, म्हणजे मधली मोकळी जागा साडेचौदा इंचांची. वरचा पत्रा करवतीने कापा की आत साडेतीन इंच खोल पोकळी आयतीच मिळेल. आमच्या भिंतीवर ठकठक केली तर बोटच दुखेल! अमेरिकेतील बहुतेक घरे लाकडी सांगाड्यावर उभी असतात आणि त्यांच्या भिंतींत पोकळी असतेच. आपल्याकडील भिंत विटांची, भरीव; शिवाय पुष्कळदा वरच्या छताचा भार तिच्यावर असतो. तिच्यात कोनाडा करणे म्हणजे भार वाहणाऱ्या अंगाचा एक तुकडा काढून घेणे होय. लेखातला शब्द न् शब्द मराठीत आणता आला असता, पण तो वाचून रायपुरात किंवा अकोल्यात एकाही घरी कोनाडा झाला नसता. तो लेख मी संपादकांना परत दिला. आज लिहीत आहे तो त्याच्या जागचा मजकूर. आणि तोही एकदा चूक करून, नुकसान सोसून मग शिकलेला.

ती चूक आधी सांगते. दिवाळीनंतर एका ठेकेदाराचा माणूस आला. न्हाणीघर आणि मधली खोली यांच्यामधली भिंत नऊ इंची. तिच्यात त्याने छिन्नी-हातोड्याने अर्ध्या दिवसात खड्डा पाडला, आत सिमेंट फासले, वर चकचकीत काळ्या टाइल चिकटविल्या आणि जोडांत पांढरे सिमेंट भरून तिसऱ्या दिवशी तो गेला. दिसायला कोनाडा देखणा होता. पण तळ सपाट, किंबहुना किंचित आतल्या बाजूला उतरता. रोज आंघोळीचे पाणी त्यात साचे, जोडांतून मुरे आणि विटेत शिरे. वीट पाणी पिते हे शाळेतले पोरही जाणते. भिजविलेली वीट वजनाला केवढी भरते हे ज्याने बांधकाम पाहिले आहे त्याला सांगावयास नको.

भिंतीच्या दुसऱ्या बाजूला मामंजींचे लाकडी कपाट होते. ते शिक्षक होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या ज्या खेड्यांत बदली झाली तेथले शब्द त्यांनी वह्यांत टिपून ठेवले होते : डावीकडे छत्तीसगढी, उजवीकडे मराठी. अशा अकरा वह्या. ते गेल्यानंतर सासूबाई वर्षातून एकदा, संक्रांतीला, त्या उन्हात ठेवीत. त्या संक्रांतीला कपाट उघडले तो बुरशीचा वास आला. कपाटाची पाठ फुगली होती. सातव्या वहीची पाने एकमेकांना चिकटली होती आणि शाईच्या निळ्या डागांशिवाय तेथे काही उरले नव्हते. टाकातील शाई पाण्यात विरघळते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती वही ओट्यावर उघडून ठेवली आणि पंखा लावला. संध्याकाळी एवढेच म्हणाल्या, "माझ्या साबणापायी झालं हे."

कोनाडा बुजवून टाकावा असे मी ठरविलेच होते. पण मोहल्ल्यातले एक वृद्ध राजमिस्त्री, ज्यांना सगळे 'कका' म्हणतात, ते पाहावयास आले. त्यांनी भिंतीला हात लावला, कोनाड्यात तांब्याभर पाणी ओतले आणि ते आत सरकताना पाहत राहिले. "दाई, पानी हा अपन रद्दा खुदे खोज लेथे," ते सासूबाईंना म्हणाले. पाणी आपली वाट आपणच शोधून काढते. मग मला म्हणाले, की भिंत चुकलेली नाही, काम चुकले आहे.

भिंतीची निवड हा या विषयातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होय. ककांचा विचार माझ्या विचाराच्या उलट होता. मला वाटत होते, बाहेरची भिंत बरी. पाझरले तर बाहेर पाझरेल. ते म्हणाले, बाहेरच्या भिंतीला पावसाचा मारा बाहेरून असतोच. कोनाड्याच्या जागी ती निम्मी पातळ होते आणि दोन्हीकडून भिजते. शिवाय तेथील ओल महिनोन्‌महिने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आतल्या भिंतीची दुसरी बाजू रोज डोळ्यांसमोर असते. मात्र त्या बाजूला कपाट टेकवून ठेवू नये. ती बाजू उघडी असावी. हे ऐकताना मला आमच्या कपाटाची जागा आठवून लाज वाटली.

साडेचार इंची भिंतीत कोनाडा करूच नये. तेथे मागे काही उरतच नाही. काँक्रीटचा खांब, तुळई किंवा संपूर्ण काँक्रीटची भिंत कधीही फोडू नये. अलीकडच्या उंच इमारतींत कित्येकदा सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तेथे राहणाऱ्या वाचकांनी कोनाड्याचा नाद सोडून कोपऱ्यात ग्रॅनाइटची तिकोनी फळी बसवावी, हेच शहाणपणाचे. शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंतही वर्ज्य समजावी. त्याच्या खोलीत पाझर गेला तर संबंध बिघडतात, आणि ते कोणत्याही सिमेंटने सांधत नाहीत. नळाचे व विजेचे पाइप कोठून गेले आहेत हे आधी पाहून घ्यावे, आणि जेथे फवाऱ्याची धार सरळ पडते ती भिंत टाळावी.

ककांनी छिन्नी हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट केली, जी त्या इंग्रजी लेखातही नव्हती. त्यांनी सासूबाईंना कोरड्या न्हाणीघरात त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर बसविले, पुढे रिकामी बादली ठेवली आणि म्हणाले, "दाई, डोळे मिटा आणि साबण घ्या." सासूबाईंनी डोळे मिटून उजवा हात पुढे केला. हात जेथे भिंतीला लागला तेथे ककांनी पेन्सिलीने रेघ मारली. जमिनीपासून २४ इंच. पहिला कोनाडा होता ४५ इंचांवर! तो माझ्या उंचीचा होता, उभ्याने फवाऱ्याखाली आंघोळ करणाऱ्याचा. सासूबाई बसून, बादली-तांब्याने आंघोळ करतात. म्हणजे साबणासाठी त्यांना पुन्हा उठावेच लागत होते, तेही फेसाळ पायांनी. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांनाच कोनाडा पोचत नव्हता, आणि दोन महिन्यांत त्यांनी ते मला एकदाही सांगितले नव्हते. मी विचारले तर म्हणाल्या, "तू एवढ्या हौसेनं केलंस. कशाला बोलायचं?"

तेव्हा दोन कोनाडे ठरले. वरचा जुनाच, पण नव्याने करावयाचा, खालचा सासूबाईंचा. खालच्याचे डोके ३६ इंचांवर, वरच्याचा तळ ४५ वर, म्हणजे मध्ये नऊ इंच, विटेचे तीन थर अखंड राहिले. दोन्हींची तयार रुंदी एका टाइलएवढी, १२ इंच. टाइलचे जोड आधी भिंतीवर आखून घेतले म्हणजे कोनाड्याच्या कडा जोडांवर येतात आणि कडेला बोटभर रुंदीच्या चिपा लावाव्या लागत नाहीत.

फोडण्याचे काम कका हातोड्याने करू देत नाहीत. नऊ इंची भिंतीत काही विटा आडव्या, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गेलेल्या असतात. त्यांच्यावर हातोडा मारला की मागचा अर्धा भागही हादरतो आणि पलीकडच्या गिलाव्याला तडा जातो. पहिल्या वेळी आमच्याकडे तसा तडा गेलाच होता. कटर यंत्राने चारही कडा अर्ध्या विटेच्या खोलीपर्यंत कापून घ्याव्या आणि मग मधला भाग हलक्या हाताने काढावा. धूळ फार उडते. नाकातोंडाला फडके पुरत नाही, चांगला मास्क हवा. विजेचे यंत्र ओल्या जागी चालवावयाचे असल्याने जमीन पूर्ण कोरडी असावी.

खड्ड्याच्या डोक्यावर आधार हवा. बारा-चौदा इंचांच्या अंतरावर विटा आपसांत कमान धरतात आणि वरची थोडी तिकोनी जागाच काय ती सुटी राहते, हे खरे. तरीही आधाराशिवाय सोडू नये. ककांनी येथील फर्शी वापरली. रायपूरच्या आसपासची जमीन चुनखडकाची. त्या खडकाचे थर पातळ निघतात आणि पिढ्यान्‌पिढ्या येथली अंगणे, ओसऱ्या व पायऱ्या त्याच फर्शीने मढविल्या गेल्या आहेत. दीड इंच जाडीची पट्टी, दोन्ही बाजूंना चार-चार इंच भिंतीत रुतलेली. विटेची करामत पाहावयाची तर रायपूरकराला दूर जावे लागत नाही. सुमारे ऐंशी किलोमीटरांवर, महानदीच्या काठी सिरपूर येथे सातव्या शतकाच्या सुमाराचे लक्ष्मण मंदिर विटांचेच आहे आणि त्याच्या भिंतींत विटेतच कोरलेल्या आंधळ्या खिडक्या अजून शाबूत आहेत. कका तेथे डागडुजीचे काम पाहावयास एकदा गेले होते. त्या भिंतींविषयी बोलताना त्यांचा आवाज उतरतो.

सासूबाईंची इच्छा होती की कोनाड्याचा तळही फर्शीचाच असावा, जुन्या घरातल्यासारखा. येथे ककांनी ठाम नकार दिला. आमच्या विंधणविहिरीचे पाणी त्याच चुनखडकातून येते. ते जड असते आणि टाइलवर पांढरे क्षार साचविते. ते काढावयास आपण लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातील आम्ल वापरतो. चुनखडकाला आणि संगमरवराला आम्ल खाऊन टाकते. वर्षभरात फर्शी खडबडीत होईल. म्हणून तळ ग्रॅनाइटचा, एकसंध, पुढची कड घासून गोल केलेली. टाइलही काळ्या चकचकीत नकोत. त्यांच्यावर क्षाराचा प्रत्येक थेंब दिसतो. आम्ही फिकट राखाडी रंगाच्या, न चमकणाऱ्या घेतल्या.

आता पाणी अडविण्याविषयी. टाइल पाणी अडविते असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. जोडांतून पाणी जातेच. ते अडवावयाचे टाइलच्या मागे. खड्ड्यात आधी एकास चार या प्रमाणाचा, पाणीरोधक द्रव मिसळलेला गिलावा दिला. आतले सगळे कोपरे काटकोनात न ठेवता बोटाने ओढून गोल केले, कारण लेप काटकोनात नीट बसत नाही आणि फाटतो तो तेथेच. तळाचा उतार याच वेळी द्यावयाचा. सात दिवस पाणी मारले. मग गिलावा वाळल्यावर सिमेंट आणि पॉलिमर यांच्या मिश्रणाचा लेप ब्रशाने दोनदा दिला, एकदा आडवा, तो वाळल्यावर एकदा उभा. हा लेप कोनाड्याच्या आतच न थांबविता बाहेर भिंतीवरही सहा-सहा इंच नेला. त्यासाठी भोवतीच्या टाइल काढाव्या लागल्या. ठेकेदाराच्या माणसाने नेमके हेच वाचविले होते.

टाइल लावण्यापूर्वी परीक्षा. कोनाड्याच्या तोंडाशी विटेचा तुकडा व माती लावून छोटा बांध घातला, तळावर पाणी भरले आणि ते एक दिवस-रात्र ठेवले. दुसऱ्या बाजूला मी खडूने चौकोन आखून ठेवला होता. रात्री दोनदा उठून तेथे हात लावून पाहिले, हे येथे कबूल करते. भिंत कोरडी होती.

त्यानंतरचे काम सोपे. सिमेंटच्या गोळ्यांनी टाइल चिकटविली तर मागे पोकळ्या राहतात आणि पाणी त्यांत घर करते. म्हणून टाइलचे खास अॅडहेसिव्ह दातेरी थापीने सर्वत्र सारखे पसरून लावावे. पाठीची टाइल आधी, मग तळाचा दगड, त्यावर बाजूच्या, असा क्रम ठेवला म्हणजे बाजूंवरून ओघळणारे पाणी दगडावरच येते. चार इंच खोलीत तीन ते चार मिलिमीटर उतार पुरतो. पाणी वाहते आणि शांपूची बाटली जागची हलत नाही. जोडांत इपॉक्सी ग्राउट भरले. आतल्या कोपऱ्यांत मात्र ग्राउट नको, सिलिकॉन हवे. दोन बाजू जेथे मिळतात तेथे थोडी हालचाल होतच असते, आणि कडक वस्तू तेथे चिरते. सर्व थर जाऊन सव्वाचार इंच खोली हाती लागली. साबणाची बशी, तेलाची बाटली, शिकेकाईचा डबा यांना ती पुष्कळ झाली.

ककांनी जाताना आणखी एक सूचना केली. म्हातारे माणूस तोल जाताना जे हाती लागेल ते धरते, आणि कोनाड्याची कड ही धरावयाची वस्तू नव्हे. म्हणून खालच्या कोनाड्याशेजारी भरीव विटांत घट्ट रोवलेला स्टीलचा दांडा बसविला. घरात वृद्ध असतील त्यांनी पैसे अपुरे पडल्यास कोनाडा मागे ठेवावा, पण दांडा आधी बसवावा, असे माझे मत झाले आहे.

मजुरी दुप्पट गेली, हे सांगावयास नकोच. मात्र दुसऱ्या वेळचे पैसे मला जड वाटले नाहीत. फाल्गुनात काम पुरे झाले. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. खडूचा चौकोन मी अद्याप पुसलेला नाही. कपाट आता समोरच्या भिंतीशी, तेही चार बोटे पुढे ओढून ठेवले आहे.

सातव्या वहीतील 'प'ची पाने मात्र गेली ती गेलीच. काम चालू असता कका दुपारी ओसरीत जेवावयास बसत, तेव्हा सासूबाई ती वही घेऊन त्यांच्यासमोर बसू लागल्या. परछी म्हणजे ओसरी, पनही म्हणजे वहाण, पैरा म्हणजे भाताचा पेंढा, पसिया म्हणजे भाताची पेज. पठेरा तर होताच. मनगट अजून लिहू देत नाही म्हणून त्या सांगतात आणि मी लिहिते. ककांचे काम संपले, तरी ते आठवड्यातून एखाद्या वेळी येतात, चहा घेतात आणि एखादा शब्द सांगून जातात. आतापर्यंत त्रेसष्ट झाले आहेत. या वेळी मी शाई न वापरता पेन्सिल वापरते आहे.